फॉयरत्सांगेनबोव्ले: ४४ सालचा सिनेमा नुसती गंमत म्हणून बघायचा की नाही?

शाईचीदौत: काल परत एकदा १९४४ चा जर्मन सिनेमा 'फॉयरत्सांगेनबोव्ले' बघितला. माहीत नसेल त्यांच्यासाठी: हाइनरिश श्पोर्ल या ड्युसेलडॉर्फच्या वकिलाची १९३३ ची विनोदी कादंबरी. काही म्हातारे गरम मसालेदार वाइन पीत (वर रमने भिजवलेली साखरेची ढेप पेटवतात, तिला धरायचा चिमटा म्हणून हे नाव) शाळेतल्या खोड्या आठवत बसलेत, आणि त्यांच्यातला लेखक फायफर कधी शाळेतच गेलेला नाही, घरी मास्तर यायचे. मग हा बाबा बाबेनबेर्ग गावी जाऊन शेवटच्या वर्षाच्या वर्गात बसतो. माझं मत सरळ आहे, पुस्तक ठीकठाक, सिनेमाने ते जिवंत ठेवलं. फायफर झालेला नट हाइन्झ ऱ्यूमान तेव्हा चाळिशी ओलांडलेला, तरी बाकावर बसला की पोरगाच वाटतो!!

मोडीवाचक: पूर्ण असहमत. अहो मजा भाषेत आहे ना. क्राय मास्तरांच्या तोंडी 'इ'चा 'ए' होतो, 'झी'चं 'झे', आणि बॉमेल मास्तरांचं ऱ्हाइनकडचं जर्मन, वाफेचं इंजिन म्हणजे काय तर 'आपण आधी एकदम मठ्ठ व्हायचं' म्हणून सुरुवात करतो. पुस्तकात हे सावकाश दोनदा वाचता येतं, सिनेमात सबटायटल लावलंत की संपलं.

शाईचीदौत: एरिश पोंटोचा क्राय ऐकलाय का? ब्लूबेरी वाइनच्या तासाला 'प्रत्येकाने फक्त एक इवलासा घोट' म्हणतो तो? ते कागदावर नाही हो येत.

कडूकारलं: तुम्ही दोघं गोड गोड बोलताय म्हणून मध्ये पडतो. प्रीमियर जानेवारी १९४४, बर्लिन. शहरावर बॉम्ब पडतायत आणि पडद्यावर शाळेला 'बांधकामामुळे बंद' अशी पाटी लावायची गंमत. शिक्षणमंत्री रुस्टला सिनेमा नकोच होता, का तर शिक्षकांची टिंगल होते, म्हणून ऱ्यूमान स्वतः रीळं घेऊन हिटलरच्या मुख्यालयात गेला आणि परवानगी मिळाली. का मिळाली? लोकांना हसवत ठेवायचं होतं म्हणून. आणि तो तरुण मास्तर ब्रेट, रोपं सरळ वाढावीत म्हणून बांधावी लागतात, तसंच पोरांचं, हे भाषण कोणाच्या सोयीचं होतं ते सांगा.

शाईचीदौत: ब्रेटचं मान्य, तो सीन मलाही खटकतो, मी चहा करायला उठतो तेव्हा :) पण एका भाषणावरून अख्खा सिनेमा बाद? बाकी सगळे मास्तर विक्षिप्त, हेडमास्तर 'त्सॉयस' (पोरांनी ठेवलेलं नाव, म्हणजे झ्यूस देव) सुद्धा, आणि तरी एकही दुष्ट नाही. त्या काळात अशी निवांत जुनी शाळा दाखवणं मला प्रचार वाटत नाही.

कडूकारलं: निवांत आहे हीच तर अडचण आहे ओ. काहीच घडत नाहीये असं वाटायला लावतो तो.

गॉटिंगनकर: मी इथे जर्मनीत गॉटिंगनला शिकायला आहे. डिसेंबरात युनिव्हर्सिटीत हा सिनेमा लागतो, हॉल भरलेला, पोरं गजराची घड्याळं, टॉर्च, फुलबाज्या घेऊन येतात आणि ठरलेल्या सीनला सगळे एकदम वाजवतात. पहिल्या वर्षी काही कळेना, शेजारच्याने माझ्या हातात फुलबाजी दिली तेव्हा दिवाळीचीच आठवण आली. इतिहासाचं कोणी बोलत नाही हे मात्र खरं, मला तेही जरा विचित्र वाटलं.

मोडीवाचक: १९३४ चा 'झो आइन फ्लेगेल' कोणी बघितलाय? तोही याच कादंबरीवर, त्यातही ऱ्यूमानच आणि डबल रोल, दोघं भाऊ जागा बदलतात. कादंबरीचा गाभाच काढून टाकलाय. आणि १९७० चा रंगीत, दिग्दर्शक कॉयटनरचा, वाल्टर गिलर घेऊन, त्याच्याबद्दल न बोललेलं बरं.

शाईचीदौत: चला, ७० च्या बाबतीत तरी एकमत!

कडूकारलं: त्यात नाही वाद. पण शेवट विसरू नका, फायफर स्वतःच सांगतो की सुरुवातीची ती बैठक सोडली तर सगळं मनातलं होतं, शाळा, पोरी, मास्तर, काही नाही. ४४ सालच्या प्रेक्षकाला हे ऐकून थिएटरबाहेर पडायचं होतं.

शाईचीदौत: ते वाक्य पुस्तकातही आहे हो, ३३ चं!

कडूकारलं: मग पुस्तकच वाचा ना.

मोडीवाचक: मी सुरुवातीपासून तेच सांगतोय 🙄