परदेशी विद्यापीठात अर्ज: सोलापूरकरांचे अनुभव

परदेशातील विद्यापीठात कोणत्याही एजंटाशिवाय अर्ज केलेल्या सोलापूरकरांना आम्ही विनंती केली होती की, कागदपत्रे जमवण्यापासून व्हिसा हाती येईपर्यंत जे प्रत्यक्ष करावे लागले, ते लिहून द्यावे. त्यांपैकी काही अनुभव येथे देत आहोत. इतरांनीही अवश्य भर घालावी.

जर्मनी, वस्त्रोद्योग अभियांत्रिकी

आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात असून वडील चादरीच्या मागावर काम करतात. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, म्हणून मी तोच देश निवडला; मात्र बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १५०० युरो भरावे लागतात, हे यादी करतानाच ध्यानात घ्यावे. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासून खरी असल्याचा दाखला) लागते, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी.

सर्वांत जास्त काळजी गुणांच्या रूपांतराची घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. तेथील सूत्रात तुमच्या सरासरीइतकेच महत्त्व उत्तीर्णतेच्या किमान श्रेणीला असते. १० पैकी ८ सरासरी असेल आणि किमान श्रेणी ४ धरली, तर जर्मन श्रेणी २.० येते, तीच किमान श्रेणी ५ धरली, तर २.२ येते, आणि तिथे आकडा जितका लहान तितका चांगला. म्हणून किमान श्रेणीचा स्पष्ट उल्लेख असलेले पत्र मी विद्यापीठाकडून घेतले.

उद्देशपत्रात (हाच अभ्यासक्रम का शिकायचा, हे सांगणाऱ्या पत्रात) मी जकार्डच्या पुठ्ठ्यांविषयी, म्हणजे मागावर नक्षी ठरवणाऱ्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांविषयी लिहिले. एका पुठ्ठ्याचे छिद्र फाटले की नक्षीत त्याच जागी तोच दोष प्रत्येक चादरीत उमटतो, आणि कापड मागावर असतानाच तो कसा ओळखावा हे मला शिकायचे होते. नमुन्यावरून उतरवलेल्या पत्रात हे आले नसते.

इंग्लंड, सार्वजनिक आरोग्य

माझ्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचे नाव शेवटी होते, तर पासपोर्टवर आईचे नाव नव्हतेच. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र मी अर्जाआधीच करून ठेवले. व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते आणि त्या काळात एक दिवसही ती कमी झालेली चालत नाही. त्यामुळे बाबांनी पतसंस्थेतील ठेव मोडून पैसे वेळेवर बँकेत आणले. व्हिसासाठी लागणारी क्षयरोगाची तपासणीही ठरावीक केंद्रांतच होते.

अमेरिका, नोकरीनंतरचे शिक्षण

सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले. माझी पदवी त्याआधीची, म्हणजे शिवाजी विद्यापीठाची असल्याने ट्रान्सक्रिप्टसाठी (सर्व वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी) कोल्हापूर गाठावे लागले. माझ्या वयाच्या अर्जदारांनी हे काम आधी उरकावे.

अमेरिका, एका विद्यार्थिनीचे वडील

प्रवेश मिळाल्यावर पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवली, तेव्हाच विद्यापीठाने आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे प्रवेशाचे प्रमाणपत्र दिले. आम्ही शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र जोडले होते. घर तारण ठेवायचे असल्याने मालमत्तेची कागदपत्रे तपासून घेण्यात बराच वेळ जातो, तो आधीच हिशेबात धरावा. त्यानंतर ३५० डॉलर सेव्हिस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे अमेरिकी सरकारचे शुल्क) भरले. व्हिसासाठीचे बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या वेळा मुंबईत वेगवेगळ्या दिवशी होत्या, म्हणून आम्ही सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघालो आणि परतीचे आरक्षण मुलाखतीच्या रात्रीचे केले.