धाबं गळतंय, मालक लक्ष देत नाही: भाडं थांबवणं बरोबर की चूक?

पांझराकाठ

धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांमध्ये सागाच्या कड्या (छत पेलणाऱ्या तुळया) आणि वर मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत, असलेली घरं अजून बरीच आहेत. त्यातल्याच एकात माझी मावशी भाड्यानं राहते. मागच्या पावसाळ्यात स्वयंपाकघरावरची एक कडी वाळवीनं पोखरून खाली वाकली. आता पाऊस आला की ओट्यावर घमेलं मांडायचं आणि गॅस सरकवून पुढच्या खोलीत आणायचा. मालक सुरतला असतात. फोन केला की "दिवाळीनंतर बघू". वाड्यातल्या बाकीच्या बिऱ्हाडांनी ठरवलंय की आता भाडंच द्यायचं नाही.

माझ्या मते हा मार्ग घातक आहे. भाडं थकलं की मालकाच्या हातात आयतं कारण पडतं. थकबाकीची नोटीस आली आणि ९० दिवसांत पैसे भरले नाहीत, तर घर खाली करण्याचा दावा लागतो. मग धाब्याची गोष्ट बाजूला राहते आणि कोर्टात तुम्हीच थकबाकीदार म्हणून उभे राहता.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ मध्ये वेगळी वाट दिलेली आहे. घर राहण्यालायक ठेवणं हे मालकाचं कर्तव्य. भाडेकरूनं लेखी नोटीस द्यायची. किमान १५ दिवसांची मुदत देऊनही मालकानं वाजवी वेळेत काम केलं नाही, तर भाडेकरूनं स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करायचा. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापेक्षा जास्त कापता येत नाही. पावत्यांसह ठेवलेला हिशेब मालकावर बंधनकारक असतो. वाड्यातले सगळे मिळूनही हे करू शकतात.

हा हक्क वापरावा, भाडं बुडवू नये. कोणाला वेगळं वाटत असेल तर सांगा.

माजघर

मी मालकाच्या बाजूनं लिहितोय, कारण ती बाजू कोणी लिहीत नाही.

आजोबांनी बांधलेलं घर, तीन बिऱ्हाडं. एकाचं भाडं महिना ३०० रुपये. तुम्ही सांगितलेला पाव हिस्सा काढा: वर्षाचे ३६००, त्याचा पाव ९००. एक गवंडी आणि त्याच्या हाताखालचा माणूस, एवढ्यांची एका दिवसाची मजुरी झाली. सागाची एक कडी बदलायची म्हटलं तर लाकडाचाच भाव ऐकून माणूस खाली बसतो.

हे भाडं एवढं कमी का, तेही सांगा ना लोकांना. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं १ सप्टेंबर १९४० चं भाडं धरलं, नंतर घर दिलं असेल तर पहिल्यांदा दिलं तेव्हाचं. तिथेच ते गोठलं. १९९९ चा कायदा आला, तर वाढ मिळाली वर्षाला ४ टक्के. ३०० वर १२ रुपये! घरपट्टी मात्र दरवर्षी भरायची आमची आम्हीच. आमच्या एका भाडेकरूनं देवपुरात स्वतःचा फ्लॅट घेतलाय, तो भाड्यानं दिलाय, आणि आमच्या खोल्यांना नुसतं कुलूप. त्यांच्या धाब्यावर मी कशाला पैसे घालू?

पांझराकाठ

माजघर, तुमची अडचण खरी आहे आणि मी ती नाकारत नाही. गोठवलेलं भाडं अवाजवी झालंय, हे सुप्रीम कोर्टानंही मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात स्पष्ट म्हटलं, त्यानंतरच नवा कायदा आला. कुलूप लावून खोली अडवून ठेवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. विनाकारण सहा महिने जागा वापरली नाही तर ते खाली करायला लावण्याचं कारण कायद्यात आहे, ते वापरा.

पण जी म्हातारी रोज त्या कडीखाली स्वयंपाक करते, तिचा यात काय दोष? शेजारच्यानं फ्लॅट घेतला म्हणून तिच्या डोक्यावर धाबं पडू द्यायचं? आणि काही मालक पैसा नाही म्हणून थांबलेले नसतात. घर आपोआप पडलं, महापालिकेनं धोकादायक ठरवून पाडलं, की भाडेकरू सुटला, असा त्यांचा हिशेब असतो. तो हिशेबही चुकीचा आहे. शहा रतनशी खिमजी प्रकरणात २०१४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा जागेवरचा हक्क संपत नाही.

केळीचा घड

तुम्ही दोघं जुन्या भाडेकरूंबद्दल बोलताय. आमच्यासारख्यांचं काय?

मी जळगावला एमआयडीसीत कामाला आहे. अकरा महिन्यांचा करार, वर पत्रे, मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलरही गरम हवा फेकतो. पावसाळ्यात भिंत ओली होते आणि स्विचबोर्डाला हात लावला की झिणझिण्या येतात. भाडं बाजारभावानं देतो, ३०० रुपये नाही. मालकाला तीनदा सांगितलं, उत्तर एकच: "पटत नसेल तर दुसरी खोली बघा."

लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर, राहणारा कायद्यानं भाडेकरू नसतो. मुदत संपली की कलम २४ प्रमाणे मालक खोली परत घेऊ शकतो, आणि मी राहिलो तर भाड्याच्या दुप्पट रक्कम लागू होते. मी नोटीस दिली तर बारावा महिना मला तिथे उगवणार नाही. ज्याच्या भाड्यातून पाव हिश्शात खरंच काम होईल त्याला कलम १४ चा आधार नाही, आणि ज्याला आधार आहे त्याच्या भाड्यात काही होत नाही. माझा आक्षेप आहे तो इथे.

पांझराकाठ

केळीचा घड, या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच सांगतो की पुढचा करार करताना दुरुस्तीचं कलम त्यात लिहून घ्या: छत, भिंत, वायरिंग मालकाकडे, नळाचा वायसर, बल्ब, फुटलेली काच तुमच्याकडे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात अशीच वाटणी दिलेली आहे. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण कराराचा नमुना म्हणून कामाचा आहे. करार नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, कलम ५५. नोंदणी नसेल तर अटींबद्दल तुमचं म्हणणं आधी धरलं जातं. आणि बोर्डाला शॉक बसतोय हे आजच लेखी कळवा, त्यासाठी कराराची मुदत बघत बसू नका.

आबा, अमळनेर

भाऊ, नोटीस कसाले? पहिले बोलीसन तर देख.

आपल्याकडे मालक आणि भाडेकरू एकमेकांच्या लग्नाकार्यात पंगतीला बसतात. रजिस्टर्ड पत्र दारात आलं की चाळीस वर्षांची बोलाचाली तुटते. आधी दोन्हीकडचा एक वडीलधारी माणूस घेऊन बसा. माझ्या समोर अशी प्रकरणं मिटलेली आहेत.

दुसरं, बांधकामाचं. धाबं गळलं की लोक वरून आणखी खारी माती टाकतात. दरसाल नवा थर. तो थर भिजला की वजन किती होतं, विचार करा. कड्या वाकतात त्या त्यानंच. त्यावर कोणी ताडपत्री अंथरतं, मग आतली ओल कोंडते आणि वाळवीला बरं फावतं. आधी जुनी माती उतरवा, पन्हाळ मोकळी करा, पाणी कुठे तुंबतं ते बघा. निम्मं गळणं तिथेच थांबतं, आणि त्याला सागाचे पैसे लागत नाहीत. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की हे काम उरका, पावसाची वाट पाहू नका.

पांझराकाठ

आबा, मातीचं तुम्ही सांगितलं ते सोन्यासारखं आहे, हे मावशीच्या गवंड्याला दाखवतो. बोलण्याबद्दल मात्र मतभेद आहे. बोलणी दोन पावसाळे चालली. तोंडी बोललेल्याचा पुरावा राहत नाही, आणि १५ दिवस मोजायचे तर नोटिशीवर तारीख लागते. वडीलधाऱ्यांना जरूर बसवू, पण पत्र त्याच दिवशी टाकू.

माजघर

ठीक. मग माझं म्हणणंही ऐका. मला असं पत्र आलं आणि सोबत गवंड्याचा लेखी अंदाज, कडीचे फोटो, आणि "भाडं चालू आहे" असा शब्द असेल, तर मी चिडणार नाही. चिडतो ते भाडं बंद करून मग फोन उचलत नाहीत तेव्हा. पण पाव हिश्शात कडी होत नाही, हा प्रश्न तुम्ही टाळताय. उरलेले कोण देणार?

पांझराकाठ

टाळत नाही. मर्यादा दरसालची आहे आणि वाड्यात तीन बिऱ्हाडं आहेत, तिघांनी मिळून काम केलं तर तिघांच्या भाड्यातून कापलं जाईल. तरी कमी पडणार, हे मान्य. तेवढे मावशीनं घालायची तयारी दाखवली आहे, कारण राहायचं तिलाच आहे. मालकानं लाकूड द्यावं, मजुरी आणि माती आम्ही करू, असं पत्रात लिहितोय. या महिन्याचं भाडं मनीऑर्डरनं आधी जाईल, त्याची पावती फाइलला, आणि दुसऱ्या दिवशी पत्र. बाकीच्या दोन बिऱ्हाडांना आज संध्याकाळी भेटतो. त्यांनी भाडं थांबवलं तर पत्रावर त्यांची सही घेणार नाही.