जुना फ्लॅश प्लेअर शोधत बसू नका

डाउनलोड केलेला जुना फ्लॅश गेम 'लोडिंग'वरच का अडकतो, असा प्रश्न इथे विचारला होता. त्यावर एकांनी फ्लॅश प्लेअरचा (ब्राउझरमध्ये असे गेम चालवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमचा) इन्स्टॉलर कुठूनतरी मिळवून टाकायला सुचवलंय. कृपा करून त्या फंदात पडू नका. तो बनवणाऱ्या अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला सपोर्ट थांबवला, १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरमध्ये फ्लॅशच्या फाइल्स चालणंही ब्लॉक केलं. अनोळखी साइटवर त्या नावाखाली काय मिळतं, देव जाणे.

त्यापेक्षा ब्राउझरमध्ये रफलचं एक्स्टेन्शन टाका. हा रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला एम्युलेटर, म्हणजे फ्लॅश प्लेअरची नक्कल करणारा प्रोग्रॅम. तो ब्राउझरमध्येच असलेल्या वेबअसेंब्ली या तंत्रावर चालतो. वेगळा प्लगइन लागत नाही. ॲक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशची प्रोग्रॅमिंग भाषा) १ आणि २ मधले गेम सहसा सुरळीत चालतात. रडवतात ते ॲक्शनस्क्रिप्ट ३ वाले, म्हणजे २००६ च्या फ्लॅश प्लेअर ९ पासूनचे. मेनू झोकात येतो, बटण दाबलं की ढिम्म!

आता मूळ प्रश्न, गेम 'लोडिंग'वरच का अडकतो. बऱ्याचदा तुम्ही डाउनलोड केलेली ती एकच फाइल म्हणजे अख्खा गेम नसतोच. ती सुरू झाल्यावर लेव्हल, आवाज वगैरे दुसऱ्या फाइल्समधून मागवते, आणि त्या तुमच्या फोल्डरमध्ये नसतात. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्क टॅब बघा, न सापडलेल्या फाइल्सच्या लाल ओळी दिसल्या तर चोर सापडला. अशा वेळी फ्लॅशपॉइंट आर्काइव्ह या जुन्या वेब गेमच्या संग्रहात शोधा, तिथे गेम सोबतच्या फाइल्ससकट जपलेले असतात.

आणि हो, फाइलच्या नावाच्या शेवटी .dcr (डीसीआर) असेल तर ते शॉकवेव्ह, फ्लॅशहून वेगळं जुनं तंत्र. नावं सारखी वाटली तरी प्रकरण वेगळं, तिथे रफल चालणार नाही.