पेरूचा जॅम, अंबाडीची बोंडं आणि परसातल्या दहा कोंबड्या: मराठवाड्यातले अनुभव

घरी जॅम करणारे आणि दारात कोंबड्या पाळणारे, दोघांनीही लिहावं. किती पैसे वाचले ते नको. माप, वेळ, काय बिघडतं आणि कशामुळे, एवढं लिहा. काटकसर कुठे करू नये हेही सांगा.

अंबाजोगाईहून

पेरूपासून सुरुवात करा, त्यात पेक्टिन (जॅम घट्ट धरणारा घटक) भरपूर असतं. तीन वाटे पिकलेले पेरू आणि एक वाटा गद्दर घ्या. पिलपिलीत पेरूला वास छान येतो, पण त्यातलं पेक्टिन कमी झालेलं असतं. नुसत्या त्याच पेरूंचा जॅम धरत नाही. फोडी जेमतेम बुडतील एवढं पाणी घालून 20 मिनिटं शिजवा आणि पुरणाच्या चाळणीतून गाळा. मिक्सर नको, बिया फुटून जॅम कचकच लागतो.

1 किलो गराला 750 ग्रॅम साखर आणि 5 ग्रॅम लिंबूसत्त्व (लिंबं घ्यायची तर मध्यम आकाराची 3-4). साखर विरघळेपर्यंत आच मंद, मग मोठी. पुष्कळ जण शेवटपर्यंत मंद आचेवर रटरटू देतात, तिथेच चुकतं: पेक्टिन तुटतं आणि रंग काकवीसारखा होतो. लिंबूसत्त्व शेवटच्या पाच मिनिटांत घाला. एका वेळी 2 किलोपेक्षा जास्त गर घेऊ नका, पाणी आटायला वेळ लागला की पुन्हा तेच. भांडं पसरट, जाड बुडाचं, स्टीलचं. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ आंबटाला चालत नाही.

औशाहून

जॅम झाला हे ओळखायला वजनकाटा सगळ्यात स्वस्त. रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा. वरच्या मापात आतला माल साधारण 1250 ग्रॅमवर आला की उतरवा. थर्मामीटर असेल तर पुस्तकातला 105 अंशांचा आकडा समुद्रसपाटीचा आहे, हे लक्षात घ्या. आपल्याकडे लातूर-संभाजीनगरच्या उंचीवर पाणीच 98 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून 103 ला थांबायचं. 105 पर्यंत नेला तर गार झाल्यावर चमचा वाकतो. थर्मामीटर नसेल तर थंड बशीत थेंब टाका आणि मिनिटभराने बोटाने ढकला, सुरकुती पडली पाहिजे.

परभणीहून

बिघाड आणि त्यांची कारणं. साखरेचे खडे झाले तर आंबट कमी पडलं किंवा जास्त आटलं. वर पाणी सुटलं तर आंबट जास्त झालं. बुरशी आली तर जॅम कमी आटला, नाहीतर बाटली ओली होती, नाहीतर थंड झाल्यावर भरला. जुन्या काचेच्या बाटल्या खुशाल वापरा. पाण्यात 15 मिनिटं उकळा, कोरड्या करा आणि कोमट असतानाच लाकडी पाटावर ठेवून कडकडीत जॅम भरा. फरशीवर ठेवलेली बाटली तडकते. झाकण मात्र नवं घ्या. आतला रबरी थर एकदा दबला की पुन्हा हवाबंद होत नाही, आणि चार रुपये वाचवताना अख्खी बाटली जाते.

किनवटहून

लाल अंबाडीच्या बोंडांत आंबट आणि पेक्टिन दोन्ही आहे, वरून काही घालावं लागत नाही. पाकळ्या (म्हणजे मांसल लाल दलं) काढून 1 किलो घ्या, 1 लिटर पाण्यात मऊ शिजवा, गर मोजा आणि त्याच्याइतकीच साखर घाला. बोंडातलं हिरवं बी फेकू नका. ते अर्धा लिटर पाण्यात वेगळं उकळून गाळा, त्या पाण्यातही पेक्टिन उतरतं. पपईचा जॅम धरत नाही अशी ज्यांची तक्रार असते त्यांनी 1 किलो पपईच्या गरात हे पाणी कपभर घालावं.

धारूरहून

सीताफळाचा जॅम करू नका. आमच्या बालाघाटात फळ ढिगाने येतं म्हणून मोह होतो, पण गर तापला की कडवट आणि गुलाबट होतो. कच्चाच गर काढून गोठवा. बिया कोंबड्यांच्या उकिरड्यात टाकू नका. त्यांची पूड उवा मारायला वापरतात, डोळ्यात गेली तर डोळा जातो, तिथे कोंबडीचं काय?

उदगीरहून

साखरेऐवजी गूळ घालायचा असेल तर: गुळासाठी उसाचा रस साफ करताना चुना वापरलेला असतो, तो आंबटपणा मारतो. लिंबू थोडं वाढवा, जॅम कमी करा आणि महिन्यात संपवा.

जिंतूरहून

चाळणीवर उरलेला पेरूचा चोथा त्याच दिवशी कोंबड्यांना. दहा कोंबड्यांना तीन-चार मुठी पुरे, जास्त झालं की विष्ठा पातळ होते आणि पोट भरल्याने खाद्य उरतं. पातेलं धुतलेलं गोड पाणी खुराड्याजवळ ओतू नका, मुंग्या पिलांवर चढतात. बुरशी आलेला जॅमही कोंबड्यांना नाही.

लातूरहून

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी 50-60 ग्रॅम खाद्य पुरतं. बंदिस्त अंड्यावरच्या कोंबडीला 110-120 ग्रॅम लागतं. साधारण 10 किलोचं मिश्रण: मक्याचा भरडा 5, ज्वारीचा भरडा दीड, सोयाबीन पेंड 2, तुरीची चुनी 1.2, कोंबड्यांचं खनिज मिश्रण 300 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम. चुनी दाळमिलवर मिळते.

घरचं सोयाबीन कच्चं देऊ नका. त्यातला घटक प्रथिनं पचू देत नाही. अंडी घटतात आणि कारण कळत नाही. भाजून, भरडून द्या. परतीच्या पावसात काळी पडलेली ज्वारी आणि बुरशीचा मका कोंबड्यांना घालायची सवय आहे आपल्याकडे. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं, तो माल टाकून द्या. शिंपल्याची पूड किंवा भाजून कुटलेली अंड्याची कवचं वेगळ्या वाटीत ठेवा, कोंबडी हवं तेवढं टिपते. पिलांना ती देऊ नका, मूत्रपिंड बिघडतं. नुसत्या ज्वारीवर बलक पांढुरका राहतो. शेवग्याचा पाला टांगा, रंग येतो.

वैजापूरहून

20 पिलांना 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब, दीड फुटावर. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला 3 अंश कमी. मापाआधी पिलांकडे बघा: बल्बखाली गोळा झाली तर थंडी, कडेला चोच उघडून बसली तर उकाडा. भुशावर पहिले तीन दिवस कागद, नाहीतर पिलं भुसाच खातात. भुसा ओला राहिला की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्ताची हगवण ठरलेली.

लसी: 5 ते 7 व्या दिवशी लासोटा (मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची सौम्य लस), डोळ्यात एक थेंब, 14 व्या दिवशी गंबोरो रोगाची, 28 च्या सुमारास लासोटा पुन्हा, आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी, कातडीखाली. तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वेळापत्रक पडताळून घ्या. कुपी बहुधा 100 मात्रांची किंवा त्याहून मोठी असते, म्हणून पाच घरांनी एकाच सकाळी मिळून करावं. बर्फाच्या थर्मासमधून आणा आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवा. बर्फाचे पैसे वाचवलेली लस म्हणजे नुसतं पाणी. एका घरून दुसऱ्या घरी जाताना हातपाय धुवा आणि चपला बदला.

परतूरहून

एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर गेला की खाद्य पहाटे आणि दिवस मावळताना, दुपारी अजिबात नाही. पचनाने अंगात उष्णता वाढते. पत्र्यावर उसाचं पाचट आणि चुना, पाणी मडक्यात, दिवसातून तीन वेळा बदलून. ओलं पोतं एकाच बाजूला लावा, दुसरीकडून वारा निघू द्या. चारी बाजूंनी लावलं तर आत दमट होऊन कोंबड्या जास्त धापा टाकतात. उन्हाळ्यात कवच पातळ होतं ते बरंचसं धापेमुळे. श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचाला कार्बोनेट कमी पडतं. तेव्हा शिंपला संध्याकाळी द्या, कवच रात्री घडतं.

कळंबहून

दहा कोंबड्यांना रात्रीपुरतं 4 बाय 5 फूट खुराडं, दोन फुटांवर बसायची दांडी आणि अंडी घालायला चार-पाच कोंबड्यांमागे फूटभराचं एक खोकं. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या आणि फूटभर जमिनीत गाडा. षटकोनी कोंबडजाळी कोंबडी आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही.

वनराजा, गिरिराज या जाती सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली द्या, 10-12 च्या वर नाही. अंडी हिवाळ्यात आठवड्याच्या आतली, उन्हाळ्यात तीन दिवसांतली, न धुतलेली. सातव्या रात्री अंधारात अंड्याला बॅटरी लावा. लाल शिरा दिसल्या तर ठेवा, स्वच्छ दिसलं तर काढून घ्या. 18 व्या दिवसानंतर हात लावू नका.