सायटोक्रोम-बीमधील फरकावरून दोन जाती मानाव्यात का? मदत हवी आहे

नमस्कार. मी पुण्यात प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. मुळशी आणि जुन्नर तालुक्यांत पकडलेले माझे रानउंदीर बाह्य लक्षणांवरून एकाच जातीचे ठरले होते (‘जाती’ म्हणजे येथे स्पीशीज; वृत्तपत्रे त्यालाच प्रजाती म्हणतात). मात्र मायटोकाँड्रियल डीएनएमधील (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांच्या स्वतःच्या डीएनएमधील) सायटोक्रोम-बी या सुमारे ११४० बेसजोड्यांच्या जनुकाचे क्रम जुळवल्यावर दोन तालुक्यांचे नमुने वंशवृक्षाच्या दोन स्वतंत्र फांद्यांवर गेले.

सस्तन प्राण्यांचे अभ्यासक ब्रॅडली आणि बेकर यांच्या २००१ मधील ठोकताळ्यानुसार या जनुकाच्या क्रमांतील फरक २ टक्क्यांहून कमी असल्यास बहुधा एकाच जातीतला आणि ११ टक्क्यांहून अधिक असल्यास बहुधा दोन जातींमधला असतो. माझा आकडा नेमका मधल्या पट्ट्यात पडतो. मार्गदर्शकांचा कल दोन जातींकडे आहे. सिंहगडावरील कोंढाणा उंदराचे वर्णन जिथे १९७५ इतक्या उशिरा झाले, तिथे आणखी एखादी जाती नजरेतून सुटली असेल, हे त्यांचे म्हणणे मलाही अशक्य वाटत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. मायटोकाँड्रियल डीएनए केवळ आईकडून येतो, आणि सस्तन प्राण्यांत बहुधा माद्या माहेरीच राहतात व नर घर सोडतात. त्यामुळे नरांमार्फत दोन्हीकडची जनुके सतत मिसळत असली, तरी आईकडचे वंश वेगळेच दिसत राहणार. आफ्रिकेतील हत्तींत तर याच्या उलटा घोळ आहे: केंद्रकीय डीएनए (पेशीच्या केंद्रकातला, आई-वडील दोघांकडून येणारा) गवताळ प्रदेशातील आणि जंगलातील हत्तींना स्पष्ट वेगळे दाखवतो, पण जुन्या संकरामुळे गवताळ प्रदेशातील अनेक हत्तींमध्ये मायटोकाँड्रियल डीएनए जंगली हत्तींचा आढळतो.

शिवाय माझ्या तीन नमुन्यांत जनुकाच्या मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिनाची बांधणी थांबवणारे तीन अक्षरी संकेत) दिसतात. हे कसे हाताळावे, आणि मर्यादित पैशांत पुढे कोणती चाचणी करावी?

प्रतिसाद:

प्रथम जनुकाच्या क्रमाचे प्रथिनात भाषांतर करताना कोणती संकेतसारणी (कोणता कोडॉन काय दर्शवतो याचा तक्ता) वापरली ते तपासा. नेहमीच्या सारणीत टीजीए हा स्टॉप कोडॉन आहे, पण पृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियात तो ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल दर्शवतो. मात्र सारणी चुकली असती तर सर्वच नमुन्यांत असे कोडॉन दिसले असते. ते तीनच नमुन्यांत असतील, तर आपण बहुधा केंद्रकात जाऊन बसलेली त्या जनुकाची निकामी प्रत वाचली आहे. ते तीन क्रम वगळून दोन गटांमधील फरकाची टक्केवारी पुन्हा मोजा. आकडा बदलू शकतो.

केंद्रकीय पुराव्यासाठी एखाददुसरा इंट्रॉन (जनुकातील प्रथिनासाठी न वापरला जाणारा, म्हणून लवकर बदलणारा भाग) पाहावा. उंदरांत नेहमी वापरला जाणारा आयआरबीपी या जनुकाचा एक्झॉन (प्रथिनाची माहिती असलेला भाग) सावकाश बदलतो, त्यामुळे इतक्या जवळच्या वंशांत तो फारसे काही सांगणार नाही.

परंतु त्याहीआधी नकाशा पाहा. मुळशी आणि जुन्नर यांच्यामध्ये मावळ, खेड आणि आंबेगाव आहेत, आणि आपल्याकडे तिथला एकही नमुना दिसत नाही. अंतरागणिक फरक हळूहळू वाढत गेला असेल, तर केवळ दोन टोकांचे नमुने घेतल्यावर वृक्षात दोन फांद्या दिसणारच. तेव्हा पैसे आधी त्या तीन तालुक्यांतील सापळ्यांवर खर्च करा आणि पकडलेल्या प्रत्येक उंदराची कवटी व कातडे जपून ठेवा.