उपासाच्या ताटातले परदेशी

बाकी जेवण बदललं तरी उपासाचं ताट अस्सल इथलंच राहिलं, असं काही जण म्हणतात. मला तर सगळ्यात जास्त बाहेरची पिकं त्याच ताटात दिसतात. आषाढीच्या आदल्या दिवशी मंडईत झुंबड कशासाठी असते? बटाटे, रताळी, शेंगदाणे, हिरव्या मिरच्या. चारही मूळची अमेरिका खंडातली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, त्यानंतरच ती आपल्याकडे पोचली. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांचाच. ज्ञानेश्वरांच्या काळच्या एकादशीला यातलं काहीच नव्हतं. तिखटपणासाठी होती मिरी, पिंपळी आणि आलं.

साबुदाणा तर फारच अलीकडचा. कसावाही दक्षिण अमेरिकेतला, आणि त्याच्या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा तमिळनाडूत सेलमला १९४० च्या दशकात उभा राहिला.

तरी यांना परकं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाट्याची शेतं एकदा बघून या. आणि भुईमूग हे नाव मला फार आवडतं. अनोळखी शेंग हाती आली, तेव्हा आपल्या शेतकऱ्यांनी तिला ओळखीच्या मुगाचंच नाव दिलं.