हृदयाच्या आवरणाला सूज: दादा गोळ्या सोडून बसलाय, मदत हवी आहे

रामराम मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले. दादा ४३ वर्षांचा, केळीची बाग, विडी-तंबाखू काही नाही. गेल्या महिन्यात चार दिवस सर्दी-ताप झाला आणि मग एका रात्री "छातीमा टोचस" म्हणत उठून बसला. घरच्यांनी गॅस ठरवला. ओवा झाला, सोडा झाला. पण आडवा झाला की कळ, खोल श्वास घेतला की कळ, पुढे वाकला की आराम. शेवटी पत्र्याच्या पेटीवर उशी ठेवून, तिच्यावर कपाळ टेकून रात्र काढली.

सकाळी जळगावला नेलं. ईसीजी बघून आधी अटॅकचीच धावपळ. मग डॉक्टर म्हणाले, अटॅकमध्ये बदल ईसीजीच्या ठरावीक लीडमध्ये (म्हणजे हृदयाच्या ठरावीक बाजूच्या रेघांत) दिसतात, याचे जवळजवळ सगळीकडे आहेत. टू-डी इकोत (हृदयाची सोनोग्राफी) हृदयाभोवती थोडं पाणी निघालं. निदान पेरिकार्डायटिस, हृदयाभोवती दुपदरी पिशवी असते, तिला सूज, बहुतेक व्हायरल. आपल्याकडे टीबीनेही होतो म्हणून त्याच्याही तपासण्या केल्या, टीबी नाही.

गोळ्या दिल्या त्या अशा: आयबुप्रोफेन (दुखणं-सूज कमी करणारी) दोन आठवडे, कोल्चिसिन (हीसुद्धा सुजेवरची) तीन महिने. घोडं इथंच पेंड खातंय. बारा दिवसांत दुखणं गेलं, जुलाब लागले आणि दादाने परस्पर कोल्चिसिन बंद केली. त्यात कुणीतरी सांगितलं, हे औषध कळलावीच्या बियांपासून काढतात. ते खरंच आहे (म्हणून बांधावरची कळलावी कुणी खाऊ नका, जीव जातो), पण आईने धसका घेतला, "मना पोऱ्याले इख देतस का?"

डॉक्टरांनी बजावलं होतं की शंभरात १५ ते ३० जणांना हे परत होतं आणि या गोळीने ती शक्यता निम्म्यावर येते. सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल येईपर्यंत अंगमेहनतही बंद. इकडे केळी कापणीला आलीय आणि हा घड खांद्यावर घ्यायला निघालाय.

ज्यांना झालंय त्यांनी सांगा. जुलाबावर डॉक्टरांनी डोस कमी केला की गोळी बदलली? मधेच सोडून कुणाचं उलटलंय का? शेतात परत कधी गेलात? उद्या त्याला दवाखान्यात नेतोच आहे, पण आज रात्री त्याच्याशी बोलायचंय. मी धाकटा, माझं ऐकत नाही. भोगलेल्या माणसाचं ऐकेल.